फॅबमधले वायू आणि तळातली पेटी : चिप बनवताना होणारं उत्सर्जन, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुजरातमधल्या धोलेऱ्याच्या फॅबची, म्हणजे चिप बनवायच्या कारखान्याची, बातमी आल्यापासून माझ्या व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येतायत. मी बरीच वर्षं परदेशात सबफॅबमध्ये काढली, म्हणजे जिथे चिप बनतात त्या धूळमुक्त क्लीनरूमच्या खालच्या मजल्यावर, पंप आणि स्क्रबरच्या (वायू नष्ट करणाऱ्या पेट्यांच्या) गर्दीत, त्यामुळे मामेभावापासून कॉलेजच्या ज्युनिअरपर्यंत सगळे मलाच विचारतात. प्रत्येकाला वेगळं टाइप करून अंगठा दुखायला लागला म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून ठेवतेय. सोपं आधी, किचकट नंतर. एकाचं उत्तर दुसरीकडे असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. ताई, फॅबला धुराडं दिसत नाही, सगळं पांढरं स्वच्छ असतं. मग हरितगृह वायू येतात कुठून?

तीन ठिकाणांहून. एक, वेफरवर (सिलिकॉनची पातळ चकती, तिच्यावरच चिप बनतात) काम करताना वापरलेले वायू जे पूर्ण संपत नाहीत आणि छतावरून बाहेर जातात. दोन, वीज. तीन, बाहेरून येणारं सामान, केमिकल, वेफर, मशिनं वगैरे. कार्बन रिपोर्टमध्ये यांना स्कोप १, २, ३ म्हणतात.

यातलं पहिलं लोकांना माहीतच नसतं. चिप बनवताना वेफरवर पातळ थर बसवायचे आणि मग नको तिथून ते कोरून काढायचे, असं शेकडो वेळा चालतं. कोरायला फ्लोरिनवाले वायू लागतात. आणि थर बसवताना तो फक्त वेफरवर बसत नाही, मशिनच्या आतल्या बंद डब्याच्या, म्हणजे चेंबरच्या, भिंतींवरही बसतो, दूध आटवल्यावर पातेल्याला खरवड धरते तसा. ती खरवड वेळेवर काढली नाही तर कण सुटून वेफरवर पडतात आणि माल वाया जातो, म्हणून ठरावीक वेफर झाले की चेंबर धुवायचा, आणि तो पाण्याने नाही, फ्लोरिनच्या प्लाझ्माने, म्हणजे विजेच्या जोरावर तोडलेल्या वायूने. हे वायू रंगहीन असतात, बाहेर उभं राहून काहीच दिसणार नाही.

२. हे वायू नेमके कोणते आणि किती वाईट?

मुख्य मंडळी अशी: कार्बन टेट्राफ्लोराइड म्हणजे सीएफफोर, हेक्झाफ्लोरोइथेन म्हणजे सीटूएफसिक्स, एचएफसी-२३, नायट्रोजन ट्रायफ्लोराइड म्हणजे एनएफथ्री, सल्फर हेक्झाफ्लोराइड म्हणजे एसएफसिक्स, आणि सोबत नायट्रस ऑक्साइड.

एक किलो वायू १०० वर्षांत किती किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरतो, त्या आकड्याला जीडब्ल्यूपी म्हणतात. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांची हवामानबदलावरची समिती) सहाव्या अहवालाप्रमाणे सीएफफोरचा साधारण ७,४००, सीटूएफसिक्सचा १२,४००, एचएफसी-२३ चा १४,६००, एनएफथ्रीचा १७,४००, एसएफसिक्सचा २४ हजारांच्या वर. नायट्रस ऑक्साइड त्यामानाने गरीब, २७३.

म्हणजे एक किलो सीएफफोर सुटला तर साधारण ३,२०० लिटर पेट्रोल जाळल्यासारखं. स्कूटरला ४५ चं ॲव्हरेज धरलं तर १ लाख ४४ हजार किलोमीटर, स्कूटर भंगारात जाईल पण तेवढं फिरून होणार नाही. आणि मला जास्त टोचतं ते आयुष्य. सीएफफोर हवेत सुमारे ५०,००० वर्षं टिकतो. झाडं तो शोषत नाहीत, पावसात विरघळत नाही. कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत निदान "नंतर झाडं लावू" असं म्हणता तरी येतं.

३. एवढे घातक आहेत तर वापरतातच कशाला?

कारण सिलिकॉन उपटून काढायला फ्लोरिनसारखं दुसरं काही नाही. फ्लोरिन सिलिकॉनला धरून वायू बनवतो आणि तो वायू पंपाने ओढून घेता येतो, मागे काही राहत नाही. आता शुद्ध फ्लोरिन सिलिंडरमध्ये भरून ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ. उलट सीएफफोर विषारी नाही, पेटत नाही, कशाशी भांडत नाही, सिलिंडरमध्ये गपगुमान बसतो आणि प्लाझ्मा लावला की फ्लोरिन सोडतो. शिवाय त्यातल्या कार्बनचा एक पातळ थर खड्ड्याच्या बाजूच्या भिंतींवर बसतो, म्हणून खड्डा आडवा न पसरता सरळ खाली जातो.

गंमत अशी की कामगारासाठी जो गुण, तोच वातावरणासाठी अवगुण. इतका स्थिर वायू की माणसाला काही करत नाही, आणि इतका स्थिर की हवेतही त्याला कोणी काही करत नाही.

४. पण वायू वापरला म्हणजे संपला ना? बाहेर किती जातो?

इथेच सगळी गोम आहे, संपत नाही. जुन्या पद्धतीत सीटूएफसिक्स थेट चेंबरमध्ये सोडून धुलाई करायचे, त्यात आयपीसीसीच्या २००६ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे साधारण ६० टक्के वायू न तुटता तसाच बाहेर पडतो असं धरतात. १०० किलो विकत घ्या, ६० किलो आकाशाला दान. नव्या पद्धतीत एनएफथ्री चेंबरच्या बाहेरच एका वेगळ्या प्लाझ्मा पेटीत फोडतात आणि तयार फ्लोरिन आत पाठवतात, त्यात न तुटलेला भाग सुमारे २ टक्के धरतात. कोरण्याच्या कामात मात्र आजही सीएफफोरचा बराचसा भाग न तुटता पुढे जातो, कारण तिथे प्लाझ्मा हळुवार ठेवावा लागतो.

आणि एक वायू घातला तर बाहेर तोच एक येतो असंही नाही, त्यासाठी प्रश्न १३ बघा.

५. एनएफथ्रीचा जीडब्ल्यूपी सीटूएफसिक्सपेक्षा जास्त आहे, मग तो वापरणं म्हणजे सुधारणा कशी?

प्रश्न बरोबर आहे, हिशोब करून बघू. १०० किलो सीटूएफसिक्समधले ६० किलो सुटले, गुणिले १२,४००, झाले ७४४ टन. १०० किलो एनएफथ्रीमधले २ किलो सुटले, गुणिले १७,४००, झाले जवळपास ३५ टन. किलोला किलो धरलं तर एकवीस पट फरक. (दोन्हींना सारखाच वायू लागत नाही, पण अंदाज यायला पुरे.)

पण याला एक दुसरी बाजू आहे. एनएफथ्री "चांगला" म्हणून सगळ्यांनी उचलला, चिपवाल्यांनी आणि त्याहून जास्त सपाट टीव्हीच्या स्क्रीनवाल्यांनी, आणि हरितगृह वायू कमी करायच्या क्योटो कराराच्या मूळ यादीत तो नव्हता त्यामुळे कोणी मोजत नव्हतं. २००८ साली स्क्रिप्स इन्स्टिट्यूशन ऑफ ओशनोग्राफीच्या लोकांनी हवेचे नमुने तपासले तर वातावरणात सुमारे ५,४०० टन निघाला, आधीच्या अंदाजाच्या कितीतरी पट. मग त्याच कराराच्या २०१२ च्या दोहा दुरुस्तीत तो यादीत आला, २०१३ पासून मोजायला लागले. यादीत नाव नाही म्हणजे हवेत वायू नाही असं नसतं.

६. ही "अबेटमेंट" काय भानगड आहे? सोप्या भाषेत सांगा.

हेच माझं पोटापाण्याचं काम होतं त्यामुळे जरा लांबेल.

क्लीनरूमच्या खाली सबफॅब असतं. वर बाहुलीघरासारखं झगमगीत, खाली पाइपांचं जंगल, पंपांचा आवाज इतका की कानात बोळे घातल्याशिवाय उभं राहवत नाही. प्रत्येक मशिनच्या चेंबरमधून वायू ओढणारा पंप खाली असतो आणि पंपाच्या पुढे कपाटाएवढी एक पेटी. ती पेटी म्हणजे अबेटमेंट, आम्ही सगळे तिला नुसतं स्क्रबर म्हणायचो.

तिच्या वरच्या भागात जाळ असतो, नैसर्गिक वायू आणि ऑक्सिजनचा, कुठे त्याऐवजी विजेचा हीटर किंवा प्लाझ्मा. वायू त्या जाळातून जातो, हजार अंशांच्या वर तापमानात फ्लोरिनचे बंध तुटतात आणि हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो. आता हा भयंकर आम्ल वायू, पण पाण्यात झटकन विरघळतो, म्हणून पेटीच्या खालच्या भागात पाण्याचे फवारे. ते आम्लाचं पाणी वेगळ्या नळीने प्रक्रिया केंद्रात जातं, तिथे चुना घातला की कॅल्शियम फ्लोराइडचा पांढरा गाळ बसतो. काही ठिकाणी तो गाळ सिमेंटवाले घेतात. म्हणजे ५०,००० वर्षं हवेत फिरणाऱ्या वायूचा शेवटी चिखल होतो, आणि चिखल झालेला परवडला.

एनएफथ्री लवकर तुटतो. सीएफफोर सगळ्यात चिवट, त्याच्यासाठी जाळ जास्त कडक लागतो. त्यामुळे "आमच्याकडे स्क्रबर आहे" एवढ्याने भागत नाही, तो सीएफफोर तोडण्यासाठी सेट केलाय का हे विचारावं लागतं. बरेच स्क्रबर मुळात सिलेनसारखे पेट घेणारे किंवा विषारी वायू मारायला, म्हणजे सुरक्षिततेसाठी बसवलेले असतात, त्यातून सीएफफोर आरामात चालत निघून जातो.

७. माहितीपत्रकात ९९ टक्के वायू नष्ट होतो असं लिहिलंय. खरं मानायचं का?

पेटीपुरतं खरं असू शकतं. फॅबपुरतं नाही.

समजा पेटी ९५ टक्के तोडते. पण ती वर्षातला ९० टक्के वेळच चालू, बाकी वेळ बंद, दुरुस्ती, गाळ साफ करणं. आणि फॅबमधल्या १०० पैकी ७० मशिनांनाच जोडलेली. तर ९५ चे ९० टक्के आणि त्याचे ७० टक्के, हाती राहिले साठ. ९५ ऐकून आपण खूश होतो आणि ४० टक्के वायू वर निघून गेलेला असतो.

दुसरी फसगत मोजण्यात होते. पेटीत जाताना वायूचं प्रमाण १ टक्का आणि बाहेर येताना ०.१ टक्का, तर वाटेल ९० टक्के गेला. पण आत जाळासाठी हवा, ऑक्सिजन, इंधन मिसळलं, एकूण प्रवाह पाचपट झाला, तर खरं तर निम्माच तुटला, बाकीचा पातळ झाला. ताकात पाणी घातलं म्हणून ताक कमी होतं का? अमेरिकेच्या ईपीएने, म्हणजे तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेने, २०१० मध्ये मोजमापाची पद्धत छापली ती मुख्यतः या पातळ होण्याचा हिशोब धरण्यासाठीच.

आणि तिसरं बायपास. पेटी बंद पडली की वर लाखो रुपयांचे वेफर अडकू नयेत म्हणून वायू वळवून थेट एक्झॉस्टला जाईल असा व्हॉल्व्ह असतो. मी एका ठिकाणी (नाव नको) रात्रपाळीला होते, तर एका ओळीतल्या स्क्रबरचा बायपास शुक्रवारपासून उघडा, सोमवारी सकाळी कळलं, कारण अलार्म कोणीतरी "नंतर बघू" म्हणून दाबून ठेवला होता. महिन्याच्या रिपोर्टमध्ये त्या पेटीचा अपटाइम (चालू राहिल्याचा वेळ) तरी छान हिरवा, कारण पेटी "चालूच" होती, फक्त तिच्यातून काही जात नव्हतं. तेव्हापासून मी कुठल्याही फॅबबद्दल पहिला प्रश्न हाच विचारते, की पेटी बंद पडली तर वरचं मशिन पुढचा वेफर घेतं की थांबतं. थांबत असेल तर बाकी गप्पा मारण्यात अर्थ आहे.

८. वायू जाळायला परत गॅस आणि वीज लागणार, मग फायदा काय झाला?

इंधनातून कार्बन डायऑक्साइड होतोच, पण प्रश्न २ मधले आकडे बघा, हजारो पटींचा फरक आहे, भरपूर वायू जात असताना सौदा सरळ फायद्याचा. तोट्यात कधी जातो? मशिन रिकामं बसलंय आणि खाली जाळ मात्र पूर्ण जोरात चालूय तेव्हा. म्हणून नव्या पेट्यांना मशिनकडून सिग्नल मिळतो, वायू नसेल तर जाळ मंद. जास्त तापमानाला नायट्रोजनचे ऑक्साइडही तयार होतात, ते गावच्या हवेसाठी वाईट, तिथे हात आखडता ठेवावा लागतो. सॅमसंगने प्रत्येक मशिनखाली पेटी ठेवण्याऐवजी बऱ्याच मशिनांचा वायू एकत्र करून कॅटलिस्टवर (उत्प्रेरकावर) कमी तापमानाला तोडायची मोठी यंत्रणा केलीय, कोरियात चालू आहे.

९. एका वेफरमागे किती उत्सर्जन? धोलेऱ्याचं किती होईल?

जगातल्या चिप उद्योगाच्या संघटनांची वर्ल्ड सेमीकंडक्टर कौन्सिल आहे, त्यांनी २०२० साठी ठेवलेलं उद्दिष्ट होतं दर चौरस सेंटीमीटर वेफरमागे ०.२२ किलो, कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत, फक्त प्रक्रियेतल्या वायूंचं. ३०० मिलिमीटरच्या वेफरचं क्षेत्रफळ साधारण ७०७ चौरस सेंटीमीटर, म्हणजे वेफरमागे १५५ किलो.

टाटा आणि तैवानच्या पीएसएमसीची धोलेऱ्यातली फॅब पूर्ण क्षमतेने महिन्याला ५०,००० वेफर काढणार आहे, वर्षाला ६ लाख. या दराने गुणाकार केला तर ९३ हजार टन. हे भाकीत नाही हं, नुसता गुणाकार आहे. तिथे २८ ते ११० नॅनोमीटरचं, म्हणजे त्यामानाने जुन्या तंत्रज्ञानाचं काम होणार, थर कमी, आणि पेट्या पहिल्या दिवसापासून नीट असतील तर आकडा बराच खाली येईल, नसतील तर वर जाईल. जुन्या फॅबमध्ये नंतर पेटी घुसवायला जागा नसते (प्रश्न १५), नव्या फॅबचं सगळ्यात मोठं भाग्य हेच की नकाशा अजून आपल्या हातात असतो.

१०. उद्योगाने आजपर्यंत स्वतःहून काही केलं का, की नुसत्या घोषणा?

केलंय, आणि चिप उद्योगाला इथे थोडं श्रेय द्यायला हवं. १९९९ मध्ये याच कौन्सिलने ठरवलं की २०१० पर्यंत उत्सर्जन १० टक्के खाली आणायचं, अमेरिका, युरोप, जपानसाठी १९९५ पासून मोजून. चिपचा धंदा त्या काळात कितीतरी वाढला तरी २०१० ला घट भरली ३२ टक्के. कसं जमलं? सीटूएफसिक्सवरून एनएफथ्रीवर जाणं (प्रश्न ५), रेसिपी (कुठला वायू किती आणि किती वेळ सोडायचा ती कृती) सुधारणं, चेंबर स्वच्छ झाला की सेन्सरने ओळखून तिथेच वायू बंद करणं, आधी अंदाजाने दहा मिनिटं सोडून ठेवायचे, आणि पेट्या.

मग २०११ मध्ये नवं उद्दिष्ट आलं आणि तिथे मेख आहे. ते एकूण टनांवर नाही, दर चौरस सेंटीमीटरवर, २०१० च्या तुलनेत ३० टक्के कमी. म्हणजे दर कमी झाला आणि वेफर दुप्पट झाले तर उद्दिष्ट पूर्ण पण हवेत वायू जास्तच. घरात माणशी साखर कमी केली आणि पाहुणे दुप्पट बोलावले तर डबा रिकामाच होणार. वाढत्या धंद्याला असा दर लावणं एका मर्यादेपर्यंत समजू शकते, पण जाहिरातीत तो "उत्सर्जन घटवलं" म्हणून येतो तेव्हा मला राग येतो.

११. विजेचं काय? मी ऐकलंय खरा प्रश्न विजेचाच आहे.

बऱ्याच ठिकाणी आकड्याने वीजच मोठी. ईयूव्ही नावाचं सगळ्यात आधुनिक छपाई मशिन एकटं सुमारे १ मेगावॉट खातं. टीएसएमसी ही चिप बनवणारी एकटी कंपनी तैवानच्या एकूण विजेच्या ६ टक्क्यांहून जास्त वापरते, आणि तिथली ८० टक्क्यांहून जास्त वीज कोळसा आणि गॅसवर. २०२० मध्ये त्यांनी डेन्मार्कच्या ओर्स्टेडकडून समुद्रातल्या पवनचक्क्यांची ९२० मेगावॉटची सगळीच्या सगळी वीज घ्यायचा करार केला, आणि शंभर टक्के नवीकरणीय वीज वापरायचं वर्ष २०५० वरून २०४० वर आणलं. पण मे २०२५ मध्ये तैवानची शेवटची अणुभट्टीही बंद झाली, त्यामुळे ते सोपं राहिलेलं नाही.

आपल्याकडे ईयूव्ही सध्या येत नाहीये, धोलेऱ्यात लागणारही नाही. पण आपल्या ग्रिडवर एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो, म्हणजे वर्षभर अखंड १ मेगावॉट वापरला तर ६,१०० टनांच्या आसपास. फॅब रात्री झोपत नाही, हवा गाळणं, थंड ठेवणं, अतिशुद्ध पाणी, पंप, सगळं चोवीस तास. धोलेऱ्यात सोलर भरपूर होईल हो, पण सूर्य मावळल्यावर काय हे विचारा.

तर प्रक्रियेतले वायू मोठे की वीज हे ठिकाणावर आहे. कोळशाच्या ग्रिडवर वीज मोठी, आणि जिथे वीज स्वच्छ झाली तिथे हेच वायू सगळ्यात वर दिसायला लागतात. माझं मत विचाराल तर वायू आधी. ग्रिड देशासोबत हळूहळू सुधारेल, आज सुटलेला सीएफफोर कधीच परत येणार नाही.

१२. साणंद, आसाम, महापे, हे सगळे प्रकल्प पण एवढे वायू सोडणार का?

नाही. ही गल्लत पेपरवालेही करतात. साणंदचं मायक्रॉन, आसामातलं जागीरोडचं टाटांचं, नवी मुंबईत महापेला निघालेलं युनिट, ही पॅकेजिंग आणि टेस्टिंगची कामं आहेत, तयार वेफर कापून, जोडून, तपासून चिप बनवायची. तिथे कोरण्याचे वायू अगदी थोडे, मुख्य खर्च विजेचा. खरी फॅब म्हणजे धोलेरा, आणि आधीपासूनची मोहालीची सरकारी एससीएल (सेमीकंडक्टर लॅबोरेटरी), ती छोटी.

तळेगावचं नाव काढून भांडणारे दरवेळी असतात. तिथे होणार म्हणत होते ती वेदांता-फॉक्सकॉनची फॅब २०२२ च्या सप्टेंबरमध्ये गुजरातला गेली आणि जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉननेच अंग काढून घेतलं, तेव्हा तळेगावच्या हवेचा हिशोब करायची वेळ काही आली नाही.

१३. कमी जीडब्ल्यूपीचा वायू घेतला की प्रश्न मिटला ना?

मिटला नाही, अर्धा मिटला. सीफोरएफसिक्स नावाचा वायू घ्या, हवेत गेला तर एखाद्या दिवसात विरून जातो, आणि खोल खड्डे कोरायलाही छान. कागदावर एकदम हिरवा. पण प्लाझ्मात त्याचे तुकडे होतात आणि त्या तुकड्यांतून परत जुळून सीएफफोर तयार होतो. म्हणजे सिलिंडरवर एक नाव, धुराड्यातून दुसराच निघतो. एनएफथ्रीनेही कार्बनवाला थर धुताना थोडा सीएफफोर होतो. म्हणून आयपीसीसीच्या हिशोबात उपउत्पादनाचा वेगळा रकाना असतो, आणि नुसत्या खरेदीच्या बिलावरून हिशोब करणारा इथेच फसतो. पेटी लागतेच, नवा वायू असला तरी.

शुद्ध फ्लोरिन जागेवर बनवून लगेच वापरायचा हाही मार्ग आहे, जीडब्ल्यूपी शून्य, पण तो अतिशय विषारी, आणि सुरक्षा विभाग तुमच्याकडे असा बघतो की बस. थ्रीडी नँड मेमरीसाठी (फोन-पेनड्राइव्हमधली, थरावर थर रचलेली) टोकियो इलेक्ट्रॉन या जपानी मशिन बनवणाऱ्या कंपनीने २०२३ मध्ये अतिथंड तापमानाला कोरायची पद्धत जाहीर केली, १० मायक्रॉन खोल खड्डा ३३ मिनिटांत आणि वायूंचा तापमानवाढीचा भार ८४ टक्के कमी असा त्यांचा दावा आहे. कंपनीचा दावा आहे हे लक्षात ठेवून वाचा.

१४. पीएफसी आणि पीएफएएस एकच का? आणि ते पीएफसीचे शेअर आहेत ते?

शेअरवालं पॉवर फायनान्स कॉर्पोरेशन, त्याचा काही संबंध नाही, पण हा प्रश्न मला खरंच आलाय, दोनदा.

पीएफसी म्हणजे इथे परफ्लोरोकार्बन, सीएफफोर वगैरे वायू, प्रश्न हवामानाचा. पीएफएएस म्हणजे न संपणारी रसायनं, पाण्यात आणि रक्तात सापडणारी, प्रश्न मुख्यतः आरोग्याचा. फॅबमध्ये तीही आहेत, छपाईच्या रसायनांत, सीलमध्ये, पाइपांत. दोन्ही प्रश्न एकत्र येतात ते मशिनं थंड ठेवणाऱ्या फ्लोरिनवाल्या द्रवांत. हे द्रव बंद नळ्यांत फिरतात, "बंद" म्हणतात पण सांध्यांतून उडत राहतात आणि तंत्रज्ञ वरून भरत राहतो, त्या टॉपअपची नोंद म्हणजेच गळतीची नोंद. असे द्रव बनवणारा थ्रीएमचा बेल्जियममधला झ्वाइनड्रेख्टचा कारखाना २०२२ मध्ये काही काळ बंद पडला तेव्हा जगभरच्या फॅबना घाम फुटला होता, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये कंपनीने २०२५ अखेर पीएफएएस बनवणंच सोडणार असं जाहीर केलं.

१५. जुन्या तंत्रज्ञानाची चिप जास्त पर्यावरणपूरक असते का?

एका वेफरचे टप्पे कमी म्हणून वायू आणि वीज कमी, हे बरोबर. पण जुनी चिप जुन्या फॅबमध्ये बनते आणि गोची तिथे आहे. २०० मिलिमीटरच्या कितीतरी फॅब नव्वदच्या दशकातल्या, चेंबरला बाहेरची प्लाझ्मा पेटी जोडायची सोय नाही, सबफॅबमध्ये माणूस आडवा होऊन जातो इतकी दाटी, स्क्रबर ठेवायचा कुठे. तिथे रेसिपी सुधारणं आणि वायू बदलणं एवढंच हातात उरतं.

१६. सिलिंडर रिकामा करून परत पाठवला, त्यात उरलेल्याचं काय?

छान प्रश्न, हिशोबनीस लोकच विचारतात. सिलिंडर पूर्ण रिकामा करत नाहीत, तळाला अशुद्धी असते म्हणून. उरलेला भाग आयपीसीसी ठोकताळ्याने १० टक्के धरते आणि तो तुमच्या वापरातून वजा होतो. पण पुरवठादाराने तो भाग परत वापरला, जाळला की हवेत सोडला, हे तुमच्या रिपोर्टमध्ये दिसत नाही. करार करताना लिहून घ्यावं लागतं.

१७. भारतात यावर कायदा आहे का? किगालीत हे आलं नाही का?

किगाली दुरुस्ती (ओझोनच्या माँट्रियल करारातली) एचएफसीपुरती, म्हणजे फ्रिज-एसीत वापरतात त्या हायड्रोफ्लोरोकार्बन वायूंपुरती आहे, भारताने ती २०२१ मध्ये मान्य केली आणि आपली कपात २०३२ पासून सुरू. एचएफसी-२३ त्यात येतो, पण सीएफफोर, एनएफथ्री, एसएफसिक्स येत नाहीत. युरोपच्या २०२४ च्या फ्लोरिन वायू नियमातही चिप कोरायला लागणाऱ्या एचएफसीला कोट्यातून सूट दिलीय. आपली कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजना सिमेंट, ॲल्युमिनियम, कागद असल्या क्षेत्रांपासून सुरू झाली, चिप तिच्या सुरुवातीच्या यादीत नाही. मोठ्या लिस्टेड कंपन्यांना सेबीच्या बीआरएसआर अहवालात (धंद्याची जबाबदारी आणि शाश्वतता यावरचा वार्षिक अहवाल) उत्सर्जन द्यावं लागतं, तिथे शोधा, पण फॅबनिहाय आणि वायूनिहाय आकडा मिळेलच असं नाही.

वायू जाळायचं ज्ञान आपल्याकडे नाही असं मात्र नाही. गुजरातेतच रणजितनगरला रेफ्रिजरंट बनवताना निघणारा एचएफसी-२३ जाळण्याचा प्रकल्प २००५ च्या सुमारास नोंदला गेला, कार्बन क्रेडिटवर. पुढे त्या क्रेडिटवरून जगभर वाद झाले तो वेगळा विषय, पण भट्टी तर चालली.

१८. कंपनी स्वतःच आकडा सांगते. बाहेरून कोणी तपासतं का?

एकेका फॅबवर बोट ठेवता येईल असं नाही, पण एकूण हवा खोटं बोलत नाही. एगेज नावाच्या जाळ्याची केंद्रं, टास्मानियातलं केप ग्रिम त्यातलंच एक, वर्षानुवर्षं हवेत सीएफफोर किती वाढला ते मोजतात. देशांनी सांगितलेल्या उत्सर्जनाची बेरीज आणि हवेत दिसणारी वाढ यात फरक निघत आलाय, हवेत जास्त. सगळा दोष चिपवर नको, ॲल्युमिनियम वितळवण्याच्या भट्ट्यांतूनही सीएफफोर निघतो. तसंच एसएफसिक्सचा मोठा वापर विजेच्या स्विचगिअरमध्ये आहे, मुंबईतल्या जीआयएस (वायूने इन्सुलेट केलेल्या) सबस्टेशनमध्ये तोच भरलेला असतो.

१९. कंपनीच्या रिपोर्टमध्ये नेमकं काय बघू?

एकूण टन दिलेत की फक्त दर दिलाय (प्रश्न १०). वायूचं उत्सर्जन विजेपासून वेगळं दाखवलंय का. किती टक्के मशिनांना पेटी जोडलीय आणि अपटाइम किती, तो कसा मोजला (प्रश्न ७). जीडब्ल्यूपी कुठल्या अहवालातले घेतले, कारण अहवाल बदलला की आकडा आपोआप हलतो आणि कोणी ते सुधारणा म्हणून खपवतं. नवीकरणीय वीज म्हणजे खरोखर करार आहे की वर्षाअखेर घेतलेली सर्टिफिकेटं.

२०. माझा मुलगा केमिकलला आहे, फॅबमध्ये जायचंय. सगळे चिप डिझाइन कर म्हणतात.

काका, डिझाइनला गर्दी आहे. पंप, व्हॅक्यूम, गॅस लाइन, स्क्रबर यातली माणसं मिळत नाहीत, आणि केमिकल किंवा इन्स्ट्रुमेंटेशनवाल्याला ते पटकन जमतं. त्याला व्हॅक्यूमचं मूलभूत वाचायला सांगा, एफटीआयआरने (इन्फ्रारेड प्रकाशावर चालणारं तपासणी यंत्र) वायू कसे ओळखतात ते शिकू दे, आणि हायड्रोजन फ्लोराइडची सुरक्षा तोंडपाठ हवी, ते अंगावर पडलं तर लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल कुठे ठेवलंय हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यायचं. रात्रपाळी असते, आवाज असतो, वरच्या मजल्यावरचे लोक तुम्हाला ओळखत नाहीत. पगार ठीक असतो.